दातांनी तोडलेले धागे

अंजूर, ता. भिवंडी
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

मिथुन आणि दिना,

दोघांना जय भीम.

इकडे तुमची माधवीवहिनी बरी आहे. शाळेत सहामाहीचे पेपर तपासून झाले. घराच्या मागच्या शेतात आणखी एका गोदामाचे खांब उभे राहिले, त्यामुळे दुपारनंतर ओटीवर ऊन येत नाही. आईची तब्येत ठीक आहे असं लिहिणार होतो. तसं लिहीत नाही. ते पुढे येईल.

पत्र दोघांना एकच आहे. दोन्ही प्रती हाताने लिहिल्या आहेत, जुळवून पाहा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मिथुन, तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. दिना, तू माझे मेसेज वाचतेस, निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. तुझी दिपाली आजीला भेटायला येणार आहे, तिच्या हाती हे देतो. कशेळीच्या गोदामावर मिथुनमामाची प्रत तीच पोचवील. तिला रागावू नका.

तुम्ही दोघं द्रौपदीबाईंची लेकरं आहात, आणि तिसरा मी. आपलं तिघांचं आता कशावर एकमत होईल असं मला वाटत नाही. पण एका तक्रारीवर होईल. आपल्या आईने आपल्याला लहानपणी एकदाही मनसोक्त हट्ट करू दिला नाही. मागायच्या आधीच उत्तर तयार असायचं. दुसऱ्यांच्या घरात वस्तू यायच्या, आपल्या घरात वस्तू संपायच्या नाहीत.

आठवतं ना? साबणाच्या चिपट्या ओल्या करून एकमेकींना चिकटवलेल्या, त्यामुळे आपला साबण नेहमी तीन रंगांचा. जुन्या वह्यांतली कोरी पानं सुटी करून, दाभणाने शिवून केलेली नवी वही. बाबांची पँट माझी झाली, माझी तुझी झाली मिथुन, आणि तुझ्यानंतर तिची पिशवी झाली. ती पिशवी घेऊन तुला खारबावच्या बाजारात पाठवलं तेव्हा तू रडलास, कारण खिसा तसाच होता आणि सगळ्यांना कळत होतं. आणि दिना, तुझ्या रिबिनी. लूमवरच्या कापडाची कापून टाकलेली किनार आई गोळा करून आणायची आणि तुझ्या वेण्यांना बांधायची. तिच्यावर छापलेलं असायचं, १००% पॉलिएस्टर. वर्गातल्या पोरी तुला 'शंभर टक्के' म्हणायच्या. तू घरी येऊन सांगितलंस तेव्हा आई म्हणाली होती, "मंग बरा हाय की. त्या कोनी शंबर हायत का?"

आपण हसलो नाही तेव्हा. मी तर अजिबात नाही. मी पेटलो. पुस्तकं वाचायला लागलो तसं मला कळलं की आपल्या घरातली ही चिकाटीची काटकसर म्हणजे आपल्यावर लादलेली गरिबी आहे, आणि मी ठरवलं की याबद्दल बोलायचं. मी आजवर बोलतो आहे. बोलून बोलून माझं नाव झालं.

पण एक गोष्ट मी कुठल्याच मंचावर सांगितली नाही, कारण तिच्यात राग येण्यासारखं काही नव्हतं. आई कामावरून आल्यावर ओटीवर बसायची आणि चिंचोके खायची. वर्षभराची चिंच फोडली की चिंचोके ती टाकू द्यायची नाही. वाळवून, वाळूत भाजून, डब्यात भरून ठेवायची. एक चिंचोका गालात धरायचा, तो मऊ व्हायची वाट पाहायची, मग दाढेखाली कटकन फोडायचा. तिघांतलं कोणी जवळ गेलं की म्हणायची, "बस थोडा. मी आता कामात हाय." तेव्हा तिच्या हाताला काम नसायचं. तासभर ती तशी बसायची, खाडीकडे तोंड करून. बाबा गेले त्या वर्षीही बसायची. मी तिला त्यावेळी जितकं सुखी पाहिलं तितकं सुखी माणूस मी नंतर पाहिलं नाही, आणि मी बऱ्याच मोठ्या माणसांबरोबर जेवलो आहे.

माझी चूक तिथेच झाली. मला वाटलं, हिला काहीच नको असतं. खरं म्हणजे तिला एक गोष्ट हवी असायची आणि ती पुरेपूर हवी असायची. बाकीच्या गोष्टींवर ती जो हात आखडायची तो त्या एका गोष्टीसाठी आणि आपल्यासाठी. मी त्यातलं "आखडणं" तेवढं उचललं. तेवढंच मला वापरता येण्यासारखं होतं.

कसं वापरलं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमच्यावरच वापरलं. तरी लिहितो, कारण मी ते कधी माझ्या हाताने लिहिलेलं नाही.

मिथुन, तीन वर्षांपूर्वी काल्हेरला तुझ्या नव्या फ्लॅटमध्ये बुद्धवंदना झाली. भंतेजींनी आशीर्वाद दिले आणि तू म्हणालास, "दादा, दोन शब्द बोल." मी वर पाहिलं तर नवं झुंबर. मी म्हणालो, आपल्या आईने दातांनी धागे तोडून ज्यांना मोठं केलं त्यांनी तिच्या दातांची किंमत छताला टांगली आहे. दोन शब्दांच्या जागी वीस मिनिटं बोललो. तुझी बायको स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. पाहुणे ताटात पाहत होते. आणि आई पहिल्या खुर्चीवर होती, तोंडावर पदर धरून. मला वाटलं ती रडते आहे, म्हणून मी आणखी चढलो. आई रडत नव्हती. तिचे मोजकेच दात उरले होते आणि मी दातांबद्दल बोलायला लागलो की सगळे तिच्या तोंडाकडे पाहतात, म्हणून ती पदर धरते. हे मला माधवीने मागच्या आठवड्यात सांगितलं. तीन वर्षं ती सांगायची थांबली होती. माझ्या घरात माझ्याशी बोलायला लोकांना थांबावं लागतं.

त्या दिवसापासून तू माझ्या समोर आला नाहीस. मी शाळेत असताना येतोस, आईपाशी बसतोस, जातोस. मला माहीत आहे. तुझा चहाचा पेला आई लगेच विसळून ठेवते, पण चहा दोघांचा केला की पातेल्याला वरपर्यंत सायीची रेघ उमटते, ती रेघ आई पुसत नाही. बहुतेक मुद्दाम.

दिना, तुझं लग्न. दोन हजार एक साल. मी चळवळीत होतो आणि माझ्या बहिणीचं लग्न आदर्श झालं पाहिजे असं माझं म्हणणं होतं. हार, वंदना, चहा. लग्नविधी वीस मिनिटांत आटोपला आणि माझं भाषण चाळीस मिनिटं चाललं. तुला बँड हवा होता. तू एकदाच म्हणालीस आणि गप्प झालीस. हे तुला आठवत असेल. पुढचं तुला माहीत नाही. आईने तुझ्यासाठी जरीची साडी आणली होती, मोरपंखी, भिवंडीच्या बाजारातून, कोणाला न सांगता. चहा सोडून, चपला न घेता, दीड वर्ष ती त्या साडीसाठी पैसे मागे टाकत होती. मी साडीची पेटी उघडून पाहिली. मी तिला म्हणालो, "आई, तूच आम्हाला साधेपणा शिकवलास आणि तूच हे?" आणि मी ती साडी दुकानात परत करायला लावली. ती माझ्याबरोबर रिक्षात बसली, पेटी मांडीवर धरून. दुकानदाराने विचारलं, "का हो मावशी, पसंत नाही पडली?" आई म्हणाली, "हो, रंग न्हाय आवडला."

बाईने आयुष्यभर वस्तूंवर काटकसर केली आणि आपण तिच्यावर केली. हे वाक्य मला लिहितानाच आवडलं, म्हणून त्यावर विश्वास ठेवू नका. "आपण" चुकीचं आहे. मी केली.

आता नऊ तारखेचं.

शहरातल्या एका संस्थेने आईला आदर्श माता पुरस्कार दिला. मीच नाव सुचवलं होतं, हेही लिहून टाकतो. हॉल भरलेला होता. आई पांढऱ्या साडीत व्यासपीठावर, आणि तिच्या सोबतीला तिची मैत्रीण जानकीबाई पहिल्या रांगेत. दोघी शेठच्या गोदामात वीस-बावीस वर्षं शेजारी शेजारी बसून धागे कापायच्या. लूमवरून उतरलेल्या ताग्यावर जे सुटे धागे लोंबतात ते एकेक तोडायचे, हे त्यांचं काम. आई म्हणाली होती, "जानकी न्हाय तं मी न्हाय."

मी बोललो. कसं बोललो ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही ते भाषण पाठ करून म्हणाल. शेठ, गोदाम, बारा तासांची पाळी, हातात कातर नाही, माझी माय दातांनी धागे तोडते आहे. तिने एकेक धागा तोडला आणि आमच्या पायातली एकेक बेडी तुटली. पंचवीस वर्षं त्या ओळीला टाळी पडते. त्या दिवशीही पडली. एक तरुण मुलगी उभी राहून रडत होती. आईने पदर तोंडावर धरला.

मग जेवण. पुरी, वाटाण्याची भाजी, जिलबी, फरसाण. आईने पुरी कुस्करून भाजीच्या रश्श्यात बुडवून ठेवली आणि ती भिजायची वाट पाहत बसली. मी शेजारी उभा राहून लोकांचे नमस्कार घेत होतो. तेवढ्यात जानकीबाई माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, मुद्दाम नेहमीपेक्षा मोठ्यांदा,

"काय गो द्रौपदे, तुजा पोऱ्या येवढा बोलला, कातरीचा काय न्हाय बोलला?"

"तू जेव गो," आई म्हणाली.

"न्हाय, हातात कातर नव्हती असा बोलला. कातर होती ना तुजी? लाल दोरा बांधलेली? मी वलखली असती हज्जारांत."

"हरवली ती."

"हरवली म्हनं! पाय फुटले तिला?" आता तिने माझ्याकडे पाहिलं. "क्यारे मास्तर, पाय फुटले का?"

माधवी ताट हातात धरून उभी होती. ती माझ्याकडे पाहायला लागली. आणि आई, तोंडातला घास तसाच ठेवून, म्हणाली, "जाऊ दे ना जानके. अक्षरा कापली त्याने तिच्यान. वाईट काम न्हाय केलान."

म्हणजे तिला माहीत होतं. चाळीस वर्षं.

तर ऐका. पंच्याऐंशी सालचा एप्रिल. मी सोळाव्या वर्षात होतो, तू अकरा वर्षांचा मिथुन, दिना आठ. जयंतीच्या मंचामागे सोनेरी कागदाची अक्षरं लावायची होती आणि ती कापायचं काम मी अंगावर घेतलं होतं. आईची ती मुठीत मावणारी कातर, शेठने नावावर लिहून दिलेली, मी तिच्या पिशवीतून न विचारता घेतली. रात्री परत ठेवू म्हटलं. अक्षरं छान झाली. त्या मंचावर मी पहिलं भाषण केलं, पहिली टाळी मिळाली, आणि कातर तिथे कुठे राहिली ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मिरवणूक सुटल्यावर मी मंचाखाली शोधली. खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं शोधली. सगळे मला खांद्यावर घ्यायला आले होते.

दुसऱ्या दिवशी आई पिशवी उलटी करून शोधत होती. मी समोर बसून पेज पीत होतो. मी काही बोललो नाही. तिने मला विचारलंही नाही.

मुनीमाने तिचे पैसे कापले आणि म्हणाला, "अगली बार अपनी कैंची लाना, बाई." त्या दिवशी तिने दातांनी काम केलं. दुसऱ्या दिवशीही. ही कातर नसण्याची गोष्ट शेठच्या पिळवणुकीची आहे असं मी जगाला सांगत आलो. पिळवणूक होती, बारा तास खरे होते, मुनीम खरा होता, त्यातला शब्दही मी मागे घेत नाही. पण तिच्या हातातली कातर शेठने काढून घेतली नव्हती.

पुरस्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा डावा गाल सुजला. मंगळवारी मी आणि माधवी तिला अंजूरफाट्याला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर मेघाली म्हणून तरुण मुलगी आहे, हात हलका आहे तिचा. तोंडात दिवा धरून तिने बराच वेळ पाहिलं. चार दात उरलेत, चारही हलतात, एकाच्या मुळाशी पू आहे. पुढच्या दाताला तिने आरसा लावून मला दाखवलं : बरोबर मधे खाच, सुताएवढी अरुंद, करवतीने पाडावी तशी. "आजी, हे कशानं झालं हो?" तिने विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहून म्हणाली, "वयान झाला."

मी तिथे उभा होतो. चार हजार लोकांसमोर ज्याचा आवाज कापत नाही तो मी.

डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यांनी सूज उतरेल, पण दोन आठवड्यांच्या आत चारही दात काढायलाच हवेत, नाहीतर पू जबड्यात उतरेल आणि या वयात ते जिवावर बेतेल. जखम भरली की कवळी बसवू, सगळं खाता येईल. "सगळा म्हंजे चिंचोके पन?" आईने विचारलं. "नाही हो आजी, चिंचोके नका खाऊ." "मंग काय उपेग?" आई म्हणाली, आणि ती पोर हसली, माधवी हसली, मीही हसलो. मी खिशात हात घातला आणि म्हणालो, "डॉक्टर, खर्चाची काळजी करू नका. आजच काढा."

आई खुर्चीवरून उतरली. शहात्तर वर्षांची बाई, सुजलेला गाल, कोणाचा हात न धरता उतरली आणि चपला शोधायला लागली. म्हणाली, "न्हाय काढायचे."

तुम्हाला मी आठवडाभर मनातल्या मनात जे पत्र लिहीत होतो त्यात इथे असं होतं : आई नको म्हणते, तुम्ही तिला समजवा. आपल्या घरात हे सोयीचं वाक्य आहे. आई नको म्हणते. पंखा नको म्हणते, गादी नको म्हणते, डोळ्यांचं ऑपरेशन नको म्हणत होती. आपण तिघंही ते ऐकून मनात हलके होत आलो आहोत. तुम्ही कमी, मी जास्त, पण तिघंही. तिच्या नको म्हणण्याला आपण तिचं समाधान म्हणतो.

ती नको का म्हणाली ते तिने मला रिक्षात सांगितलं नाही. घरी आल्यावर सांगितलं. दुपार होती. ओटीवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. डोळे नवे झाल्यापासून तिला खडे पुन्हा दिसतात आणि ती ते काम कोणाला देत नाही. मी समोर जाऊन बसलो. जसं बोलणं झालं तसं लिहितो.

मी म्हणालो, "आई, कातर मी नेली होती."

"ठावं हाय."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोललास का?"

ती खडे काढत राहिली.

"दुसरी का नाही घेतलीस?"

"घ्येनार होते. दर पगाराला घ्येनार होते. एकदा तुजा फारम भरायचा होता. एकदा मिथुनचे बूट. दिनाला काविळ झाली तवा तं इसरूनच गेले. मंग दातांना सवय झाली. जानकीपेक्षा बेगीन काम व्हायचा माजा." तिने फुंकर मारून कोंडा उडवला. "तू कामाला लागलास, पयला पगार झाला, तवा मना वाटला आता आनशील."

पहिल्या पगारात मी पुस्तकं आणली होती. मोठा खोका भरून. तिने तो खोका माझ्याबरोबर उचलून आत ठेवला होता.

मी म्हणालो, "दात का काढू देत नाहीस?"

तेव्हा तिने सूप खाली ठेवलं. आणि मी तुम्हाला शपथ घेऊन सांगतो, मला माझ्या विरोधकांनी पत्रकं काढूनही इतकं लागेल असं कधी काही म्हटलेलं नाही. ती म्हणाली,

"डोळे तू केलेस. मंग दोन वरीस जिथं गेलास तिथं सांगलास, मी माज्या आयचे डोळे केले. दात घासायला बसले तरी लोका मना ईचारतात, नागसेननी केले ना डोळे? आता दात करशील तं मरंपर्यंत सांगशील. मेल्यावर पन सांगशील. मना तुजे दात नको. मी माजे तोंड तुज्या भाषनाला न्हाय देनार आता."

मी सुपाबाहेर सांडलेले तांदूळ वेचायला लागलो.

थोड्या वेळाने तिचा आवाज खाली आला. "तिघांनी मिलून काढा. तिघं एका दारातून आत आलात तं मी खुर्चीवर बसन. कोनी कोनाला बोलायचा न्हाय. आनि ह्यानी," म्हणजे मी, "तोंड उघडायचा न्हाय. तितका जमल का बघा. न्हाय जमला तं हाय तसा बरा हाय माजा."

मी म्हणालो, "आणि ते नाही आले तर?"

"मंग पेज हाय," ती म्हणाली, आणि सूप उचललं.

इथे मी लेखणी खाली ठेवून आत जाऊन आलो. ती झोपली आहे दुपारची. सूज पुन्हा थोडी वाटते. गोळ्या रविवारपर्यंतच्या आहेत.

माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. माफी मी फार छान मागतो, त्यावरही कोणीतरी रडेल. तुम्ही मला माफ करावं अशी आईची अट नाही, ते तेवढं वाचा. तिने आपल्याला कमीत कमी सांगितलं आहे. एका दारातून आत जायचं. माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवून आलात तरी अट पुरी होते. मीही बोलणार नाहीच.

आयुष्यात पहिल्यांदा तिने आपल्याकडे काही मागितलं आहे, हे विसरू नका. तिला ते एकट्या माझ्याकडून नको आहे. हे मला लागतं आहे, आणि लागू दे. पण तिच्या दाताच्या मुळाशी पू आहे आणि गोळ्यांचे दिवस सहाच उरले आहेत. माझ्यावरच्या रागाचा खर्च तिच्या तोंडातून करू नका. मी तेच केलं होतं.

दिना, ड्युटी बदलून घे. दवाखान्यात तूही रोज असे म्हातारे पाहतेस ज्यांची पोरं बाहेरच्या बाकावर एकमेकांपासून तीन हात दूर बसतात. मिथुन, राग सोडून ये असं मी म्हणणार नाही. राग घेऊनच ये. खर्चाचा तिसरा वाटा आणि आधार कार्डची झेरॉक्स आण, डॉक्टरांना लागते. बायकोला आणलंस तर आईला आवडेल. मला तोंड दाखवायला जड जाईल, पण तो माझा प्रश्न.

रविवार, २३ नोव्हेंबर. सकाळी दहा वाजता. अंजूरफाटा, रिक्षा स्टँडसमोरचा दातांचा दवाखाना, पहिला मजला. मी आईला घेऊन पावणेदहाला जिन्याखाली उभा असेन. तुम्ही येईपर्यंत आम्ही वर चढणार नाही.

उत्तर लिहू नका, दिपालीकडे निरोप देऊ नका. या.

तुमचा दादा राहिलो आहे की नाही, ते तुम्ही ठरवा. द्रौपदीबाईंचा थोरला,
नागसेन